शेवंतीची तब्येत कोणत्या डब्यात?

...न्हाई न्हाई, तुम्ही आत्ताच हसू नका, आधी ऐका, मंग हसा, कारण बात हसायचीच हाये पण माझ्यासाठी न्हाई! मला एक सांगा, धोंड्याच्या महिन्यात जावई सासरवाडीला कशाला जातो? जेवायला जातो! बराबर? पाटावर बसायला जातो, ओवाळून घ्यायला जातो, डोक्यावर नवी टोपी घालून तुपात बुडलेले पुरणाचे धोंडे खायला जातो, सासू म्हणती 'बापू, अजून एक', आपण म्हणतो 'न्हाई हो, बास', ती म्हणती 'एकच', मंग आपण ताटावर हात आडवा धरतो, पण असा धरतो का धोंडा बराबर फटीतून आत पडला पाहिजे... हा त्या महिन्याचा कायदा हाये! आन् मी, गोरक्षनाथ, भोकरदनचा झेरॉक्सवाला, सर्जेरावांचा एकुलता एक जावई, भर उन्हात, सकाळचा चहाबी निम्माच पिऊन, पोटात जागा राखत राखत हसनाबादला गेलो, आन् मला तिथं काय मिळालं? मेंढी! खायला न्हाई हो... बरी करायला!

आन् मेंढी तरी कसली? खरी असती तं जनावराचा डॉक्टर आणला असता, त्यानं सुई मारली असती, विषय खतम. ही मेंढी मशीनमधली! एवढीशी, नखाएवढी!

तुम्हाला सांगतो, चूक कोणाची इचारलं का सगळे माझ्याकडंच बोट दावतेत. माझ्या पोरीचं, छकुलीचं, एक हातात धरून खेळायचं गेमचं मशीन होतं, साबणाच्या वडीएवढं. तिला मोबाईल मिळाला आन् मशीन पडलं कपाटात. मंग आमच्या मंडळीच्या, दैवशालाच्या, मनात आलं का हे माईला देऊ. माई म्हंजे माझी सासू, आसराबाई. मी मामी म्हणतो. तं ह्या मामीचं सारं आयुष्य गेलं मेंढरांमागं. मेंढरं, कुत्रं, रातच्याला कोंडायची वाघराची जाळी, खांद्यावर काठी, आन् पायाखाली निम्मा जिल्हा. मंग गुडघे गेले. मामाचे, म्हंजे सासऱ्याचेबी गेले, मामीचेबी गेले. आन् मामानं काय केलं? एका पहाटे गाडी बोलावली आन् अख्खा कळप इकून टाकला, मामी झोपेत असताना! बाई उठून बघती तं जाळी रिकामी. तवापासून नुसती ओसरीत बसायची, काठी मांडीवर घेऊन, आन् रस्त्यानं कोणाचीबी बकरी गेली तरी मान तिकडं वळायची. मला वाईट वाटायचं हो. खरंच वाटायचं. म्हणून मीच त्या मशीनवर शेतीचा एक गेम लावून दिला, त्यात एक शेतकरी, त्याचं एक घर, एक गोठा आन् थोडीशी मेंढरं. म्हन्लं, मामी, हे बघा, तुमची मेंढरं आली परत. मला काय ठावं बाई त्यात राहायलाच जाईल!

राहायलाच गेली! सगळ्या मेंढ्या एका छापाच्या, सगळ्या पांढऱ्या, कंपनीनं त्यांना वेगवेगळं तोंडबी दिलेलं न्हाई, पण मामीला ओळखू येतेत. ही बांडी, ही गोंडी, ही लाजाळू, आन् ही शेवंती. कळप गोठ्यात आला का मामी ओसरीतून हाळी देणार, 'हुर्रर्र...' आन् शेजारचं खरं कुत्रं उठून उभं राहणार!

तं त्या दिवशी मी दारात पोचलो. वास घेतला. पुरणाचा वास न्हाई. वेलदोड्याचा न्हाई. चूल बघितली, थंड. हरभऱ्याची डाळ पातेल्यात भिजून फुगून बसलेली, आन् दैवशाला, आदल्या दिवशीच माहेरी आल्ती, ती दारात उभी, तोंड असं का घरात काही झालंय. मी म्हन्लं, "काय झालं गं?"

"शेवंती आजारी हाये."

"कोण शेवंती? शेजारची?"

"मेंढी!"

"मेंढरं तं इकली ना मामानं?"

"अहो मशीनमधली!"

मी म्हन्लं, "बरं मंग?" एवढंच म्हन्लं हो! तं बायको अशी बघती जसं काय मीच शेवंतीला थंडीत उभं केलं. म्हन्ली, "बरं मंग काय? घरात जनावर आजारी असलं का माई पुरण घालीत न्हाई, ठावं न्हाई का तुम्हाला? तिच्या माहेरापासूनची रीत हाये. आन् ती नुसत्या काळ्या चहावर हाये. ती जेवंना म्हणून मीबी न्हाई जेवले. मशीन कोणी दिलं? तुम्ही दिलं. निस्तरा आता."

म्हंजे बघा, सासू उपाशी, बायको उपाशी, मंग जावई कसा जेवणार? सासू उपाशी असताना जावयानं भाकर मोडली ही बातमी हसनाबादेतून भोकरदनला यायला बसपेक्षा कमी येळ लागतो! म्हंजे माझे धोंडे कोणाच्या हातात? मेंढीच्या! मेंढीला हात असते तं मी हातापाया पडलो असतो.

आत गेलो. मामी बाजेवर, मशीन हातात, मशीनला चार्जरची वायर, वायर भिंतीला. सलाईन लावल्यासारखं. मशीनमधी सांज झालेली, गोठ्यात मेंढ्या उभ्या, आन् एका मेंढीच्या डोक्यावर काळा ढग. त्या गेमात आजार म्हंजे ढग. मामी म्हन्ली, "बघा बापू, आठ दिस झाले, मान खालीच. औषिद पाजलं. चारा टाकला. ढग काही हलंना."

कोपऱ्यातून मामा बोलले, "मी काय म्हणतो, इकून टाक. त्या गेमात येपारी हाये, मी बघितलाय. आजारी जित्राब घरी ठेवू न्हाई."

मामीनं मामाकडं बघितलं. तुम्हाला सांगतो, त्या बघण्यानं मामाची बिडी इझली!

"जावईबापू," मामी म्हन्ली, "तुम्ही कॉम्प्युटरवाले. तुम्हीच काही करा."

आता मला सांगा, झेरॉक्सवाला कॉम्प्युटरवाला कधीपासून झाला? मी आधारकार्ड पुढून मागून काढतो, एवढंच! मेंढी पुढून मागून काढली तं बरी होती का? पण जावयानं सासरवाडीत 'मला न्हाई येत' म्हणायचं नसतं. मी म्हन्लं, "मामी, बिलकुल काळजी करू नका," आन् माघच्या अंगणात जाऊन गुपचूप साजिदला फोन लावला.

हा साजिद म्हंजे माझ्या शेजारचा दुकानदार, मोबाईल दुरुस्तीवाला. दुकान मोबाईलचं, पण जीव गेमात. ल्हानपणापासून ह्याचा धंदा काय, तं गेमात घुसायचं आन् आतला आकडा बदलून टाकायचा. तीन जीव असले का नव्व्याण्णव करायचे, मरायचंच न्हाई! मी म्हन्लं, "साजिदभाई, एक मेंढी बरी करायची हाये." तो म्हणतो, "गोरखभाऊ, धूप में घूमे क्या?" सगळं सांगितलं तं गडी एकदम खूष! दुकानाचं शटर खाली ओढलं, लॅपटॉप पाठीवर टाकला, मोटरसायकल काढली आन् हाजिर! मोबाईल दुरुस्तीला दिला का हा मला आठ दिवस 'कल देता' म्हणतो, आन् मेंढीसाठी भर उन्हात हाजिर!

आल्या आल्या त्यानं मामीच्या मशीनमधला गेम, जिथं होता तिथून, जसाचा तसा लॅपटॉपात उतरवून घेतला. मामी म्हन्ली, "सगळ्या आल्या का रे? कोणी माघं राह्यलं न्हाई ना?" मंग तो बाजेवर मांडी घालून बसला आन् आम्हाला समजावू लागला. "मावशी, देखो, मशीनच्या पोटात डबे असतेत. लाखांनी. एका एका डब्यात एक एक आकडा. पाण्याचा एक डबा, कोंबडीचा एक डबा, तुमच्या शेवंतीच्या तब्येतीचाबी एक डबा. फक्त डब्यावर नाव न्हाई. मंग कसं करायचं? शेवंतीला काहीतरी करायचं. तिचा आकडा बदलंल. मंग मशीनला इचारायचं, बाबा, आत्ता कोणकोणते आकडे बदलले? जे बदलले ते ठेवायचे, बाकी फेकायचे. मंग परत काहीतरी करायचं. बदललं का? बदललं. मंग परत शोधा! असं करत करत एकच डबा उरतो. त्यात मोठा आकडा भरायचा आन् वरून कुलूप. आकडा हलूच शकत न्हाई. मेंढी पर्मनंट बरी!"

मामी ऐकून घेत होती. म्हन्ली, "काहीतरी करायचं म्हंजे काय करायचं?"

साजिद म्हन्ला, "सोपं हाये. हे बटण दाबलं का शेतकरी काठी मारतो. मेंढीला दोन काठ्या मारल्या का तब्येत कमी होती. कमी झाली का शोधायचं, परत दोन मारायच्या..."

मी डोळ्यानं खुणावू राह्यलो का गप बस, गप बस, पण साजिद कशाचा बघतो! मामी बाजेवरून उठली. गुडघे गेलेली बाई हो, पण अशी उठली का मामानं पाय आखडून घेतले. "आजारी लेकराला मारून डागदर तपासतो का रे? हात तं लावून बघ काठीला! मशीनमधली काठी ऱ्हाऊ दे, ही बघ हिकडं खरी हाये!"

साजिदनं लॅपटॉप छातीशी धरला. म्हन्ला, "बरं बरं मावशी, काठी कॅन्सल. मंग दुसरं सांगा, कळपात मेंढ्या किती हायेत? तेवढा आकडा मिळाला तरी डबे कोणत्या बाजूला हायेत त्याचा अंदाज येईल."

मामीच्या तोंडावर पदर. दैवशाला माझ्या कानात म्हणती, "माई आकडा सांगत न्हाई. कळपाचा आकडा तोंडानं काढला का नजर लागती." अरे देवा! मी म्हन्लं, पडद्यावर दिसू राह्यल्या ना, मीच मोजतो. एक... असं तोंडातून निघालं मात्र, मामी म्हन्ली, "बापू!" मी थांबलो. एकवरच थांबलो. पुढच्या मोजायची माझी हिंमत न्हाई झाली.

म्हंजे बघा तुम्ही, मारायचं न्हाई, मोजायचं न्हाई, आन् आकडा शोधायचा! साजिद डोकं धरून बसला. मंग म्हन्ला, "एक काम करू. कुरवाळायचं बटण हाये ना? कुरवाळलं का जनावर खूष. खूष झालं का काहीतरी वाढत असंलच. त्याच्यावरून शोधू." मामीला पटलं. कुरवाळायला तिची ना कधी असती? पण ती बटण दाबंना! तिनं हात पुढं केला आन् लॅपटॉपच्या काचंवरून फिरवू लागली, शेवंतीच्या पाठीवरून, हळूहळू, "माझी बाय गं... माझी शेवू गं..." आन् बटण कोणी दाबायचं? मी! खाली वाकून, मामीच्या हाताखालून बोट घालून, ती काच कुरवाळती तवा मी बटण दाबतो, आन् साजिद वरून वराडतो, "बदललं का?" मी म्हणतो, "बदललं!" "मंग परत शोधा!"

लाखभर डबे होते त्याचे काही हजार झाले. "बदललं का? बदललं! मंग परत शोधा!" हजाराचे शेकडो झाले. मंग म्हणे आता थांबा, कोणी कुरवाळू नका, आता जे बदलत न्हाई ते ठेवायचे. आता मामीला कुरवाळू नको म्हन्लं तं तिचा हात राहीना, दैवशालानं दोन्ही हात धरून ठेवले. मंग परत कुरवाळा. मंग परत थांबा. माझी कंबर मोडली, पोटात कावळे न्हाई, कावळ्यांची अख्खी शाळा भरली, समोर पातेल्यात डाळ फुगून झाकण उचलू राह्यली, आन् त्या दोघांचं आपलं एकच, बदललं का? मंग परत शोधा! मी म्हन्लं, साजिदभाई, माझ्या पोटातला आकडा शोध ना, त्याच्यात तं एकच डबा हाये आन् तो रिकामा हाये!

शेवटी उरले मूठभर डबे. साजिद म्हन्ला, "आता एकेकात आकडा भरून बघू. ज्याच्यानं शेवंतीला फरक पडंल तो आपला." पहिला भरला. धो धो पाऊस! गेमात पाऊस, आन् मामा कोपऱ्यातून पुढं सरकून म्हणतेत, "असा हसनाबादला पाड ना जरा." दुसरा भरला, तं कोंबडी फुगली. फुगली म्हंजे किती? घराएवढी! घराच्या माघून कोंबडीचा तुरा दिसू राह्यला, आन् मामी काय म्हणती? "अंडं केवढं देईल?" तिसरा भरला तं शेतकरी भिंतीत घुसला, नुसती टोपी बाहेर. त्याला काढायला चवथा भरला, शेतकरी निघाला पण त्याच्या अंगावर लुगडं. मामी म्हन्ली, "ऱ्हाऊ दे, बरी दिसती." साजिद म्हन्ला, "ऐसा नहीं चलता मावशी," आन् पाचवा भरला.

पाचव्यानं शेवंतीनं मान वर केली!

मामीच्या तोंडातून नुसतं "ए... ए..." आन् डोळ्यांत पाणी. मीबी ओरडलो, "कुलूप लाव! साजिद, कुलूप लाव जल्दी!" त्यानं कुलूप लावलं. मामानं टाळी वाजवली. दैवशाला पदर खोचून चुलीकडं पळाली, मी मनात म्हन्लं, आली आली, पुरणाची घडी आली! आन् तेवढ्यात मामी म्हन्ली, "ढग कामून जाईना?"

बघतो तं डोक्यावर काळा ढग तसाच! मेंढी आजारी ती आजारीच, पण मान वर करून शेतकऱ्याकडं अशी बघू राह्यली, अशी बघू राह्यली... साजिदनं शेतकरी उजवीकडं नेला, मेंढी उजवीकडं. डावीकडं नेला, डावीकडं. गोठ्याबाहेर काढला, हीबी बाहेर. साजिद डोकं खाजवत म्हणतो, "गोरखभाऊ, गडबड झाली. तब्येत न्हाई सापडली. माया सापडली."

"म्हंजे?"

"म्हंजे कुरवाळून तब्येत वाढत नसती, माया वाढती. आपण शेवंतीच्या मायेला कुलूप लावलं. फुल्ल मायेवर."

आता मला सांगा! मी उपाशी, सासू उपाशी, बायको उपाशी, सकाळपासून तीन माणसं एका नखाएवढ्या मेंढीमागं, आन् निष्पन्न काय, तं मेंढी प्रेमात पडली! चुलीकडून दैवशालानं इचारलं, "डाळ शिजायला टाकू का?" मामी म्हन्ली, "ढग हाये अजून." डाळ परत पातेल्यात.

साजिद हात झाडून म्हन्ला, "हौसला रखो. तब्येतीचा डबा दुसरीकडं हाये. पहिल्यापासून शोधू. बदललं का..." मी म्हन्लं, साजिद, परत शोधा म्हन्लास तं ह्या पातेल्यात डोकं घालीन मी! आन् त्या तिरमिरीत मी त्याच्या हातातून लॅपटॉप ओढला आन् शेतकऱ्याला निसता पळवत सुटलो, काय करू, कुठं जाऊ, ती मेंढी आपली माघं माघं. गोठ्यातून अंगणात, अंगणातून घरात, घरात म्हंजे थेट पलंगापाशी. शेतकऱ्याचा पलंग हो! वर गोधडी, इस्त्री केल्यासारखी, एक सळ न्हाई.

मी पलंगाकडं बघतो. त्याच्या घराच्या खिडकीतून बाहेर बघतो. सूर्य डोंगराला टेकलेला. सकाळी मी आलो तवाबी टेकलेला. पाऊस पडला, कोंबडी फुगली, शेतकऱ्यानं लुगडं नेसून सोडलं, आन् सूर्य अजून तिथंच! मी म्हन्लं, "मामी, हा बाबा झोपतो कधी?"

मामी म्हन्ली, "कशाला झोपंल?"

"न्हाई, म्हंजे, आठ दिवसांत झोपला का न्हाई?"

"आजारी जनावर टाकून झोपतं का कुणी?"

साजिदनं कपाळावर हात मारला. असा मारला का मामाची बिडी परत इझली! "मावशी! या गेममध्ये शेतकरी झोपल्याबिगर दुसरा दिवस उगवतच न्हाई! औषध रात्रीतून लागू होतं, सकाळी ढग जातो. तुम्ही रातच होऊ दिली न्हाई!"

ऐकलं का? आठ दिवस! आठ दिवस ती बाई मशीन चार्जरला लावून, त्या शेतकऱ्याला गोठ्यात उभं करून ठेवून बसली होती. तिच्या हिशोबानं आठ दिवस झाले, मेंढीच्या हिशोबानं एक सांजबी पुरी सरली न्हाई! औषध पोटात गेलेलं, बरी व्हायला मेंढी तयार, आन् रात्रीला परवानगी न्हाई! लाखभर डबे उचकले आम्ही, आन् करायचं काय होतं, तं एका माणसाला झोपवायचं होतं!

मी म्हन्लं, "चला, बरं झालं, झोपवतो," आन् बटणाकडं बोट नेलं. मामीनं मनगट धरलं. म्हन्ली, "न्हाई."

"कामून न्हाई, मामी?"

मामी मामाकडं न बघता बोलली, हळू. "माघल्या बारीला मी झोपले. जाळीत एक मेंढी आजारी व्हती तवाबी. म्हन्लं घटकाभर पडावं. उठले तं ना आजारी, ना चांगली, एकबी न्हाई."

मामा बिडीकडं बघत बसले, इझलेल्या. मी बटणावरचं बोट माघं घेतलं. मंग मामाच उठले, धोतर सावरलं, म्हन्ले, "मी बसतो मेंढीपाशी. त्याला झोपव तू."

मामी म्हन्ली, "तुम्ही? तुम्ही तं इकताल!"

मामा खाली बसले. गेमात येपारी होताच!

साजिद म्हन्ला, "मावशी, मैं बैठता." मामी म्हन्ली, "तू पाव्हणा. घरी आलेल्या पाव्हण्याला राखण बसवू का? काय म्हणंल भोकरदन?" दैवशाला म्हन्ली, "मी बसले असते, पण चूल कोण बघंल?" म्हंजे उरलं कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मामीनं मान हलवली. "बापू तं जावई. धोंड्याच्या महिन्यात जावयाला मेंढराच्या राखणीला बसवलं तं नरकातबी जागा मिळायची न्हाई."

आन् इथं, मंडळी, इथं माझ्या भुकेनं माझा घात केला. मी उठलो, छातीवर हात ठेवला, आन् भरल्या घरात मोठ्यानं बोललो, "मामी, मला जावई समजूच नका! मी घरचा! घरचा माणूस समजा!"

मामीनं माझ्याकडं नीट बघितलं. इचार केला. म्हन्ली, "व्हय? बरं."

मी मांडी घालून बसलो. मामीनं मांडीवर लॅपटॉप ठेवला, हातात तिची खरी काठी दिली. "डोळा लावू नको," म्हन्ली. मंग शेतकऱ्याला पलंगावर नेलं, गोधडी वर झाली, पडदा काळा झाला. काळ्या पडद्याकडं काठी धरून बघत बसलो. मामीनं माझा खांदा धरलेला, घट्ट. किती येळ? तुम्ही शिंकता तेवढा! परत उजाडलं. कोंबडा आरवला. गोठा उघडला. शेवंती उभी, मान वर, आन् डोक्यावर... काही न्हाई! साफ आभाळ!

मामीनं काय केलं सांगू? हसली न्हाई, रडली न्हाई. तिनं आधी सगळ्या मेंढ्यांवरून नजर फिरवली, ओठ हलले, आन् मला कळलं का बाई मनातल्या मनात मोजू राह्यली. पुऱ्या भरल्या. मंग खाली बसली आन् म्हन्ली, "दैवशाला, डाळ टाक."

मंग काय इचारता! साजिदनं कळप परत मामीच्या मशीनात उतरवला, पुरण शिजलं, धोंडे वळले, उकडले, तूप कढलं, वेलदोड्याचा वास सगळ्या गल्लीत. मी तोंड धुतलं, केस इंचरले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आन् येऊन बघतो तं मधोमध पाट, भवती रांगोळी, पाटावर साजिद! डोक्यावर नवी टोपी! मामी त्याला ओवाळू राह्यली! साजिद माझ्याकडं बघतो, मी साजिदकडं बघतो, तो म्हणतो, "गोरखभाऊ, मैं कुछ नहीं बोला, मावशीनंच बसवलं!"

मी म्हन्लं, "मामी... माझा पाट?"

मामी म्हन्ली, "घरच्या माणसाला पाट कशाला? पाव्हणा आधी. तुझं आपलं माघून."

तुझं! तुम्ही ऐकलं का? लग्न झाल्यापासून बाईनं 'बापू'शिवाय शब्द काढला न्हाई, 'या बापू', 'बसा बापू', नाव म्हणून कधी घेतलं न्हाई, आन् त्या दिवशी ताट वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणती, "ए गोरख, तूप आण रे आतून!" दैवशाला तोंडाला पदर लावून हसू राह्यली. मामा म्हणतेत, "मलाबी वाढ येता येता." आन् खरं सांगू का, बरं वाटलं मला. आई गेल्यापासून मला 'ए गोरख' म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. पण बरं वाटल्यानं पोट भरतं का?

आणलं तूप. वाढलं. साजिद ताटावर हात आडवा धरू राह्यला, बराबर फट ठेवून, ह्याला कोणी शिकवलं देव जाणे, आन् मामी म्हणू राह्यली 'अजून एक, एकच', मामा म्हन्ले मलाबी, मामीनं स्वतः आठ दिवसांची भूक काढली, दैवशालानं तिची काढली, आन् मी आपला तुपाचं भांडं घेऊन उभा, वाढू राह्यलो, वाढू राह्यलो. शेवटी मी म्हन्लं, "मामी, मी बसू का आता?"

मामी म्हन्ली, "बस की. टोपलीत बघ, उरले असतील तं घे."

उरले न्हाईत.